सहस्रकुंड-माहूरच्या आमच्या गाईडदादांना, मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार.

किनवटच्या चौकात तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मागून हॉर्न वाजत होते, पोरं पेंगत होती, आई खिडकीतून हात जोडत होती, अन् त्या गडबडीत जे बोलायचं होतं ते निम्मं राहूनच गेलं. म्हणून आता असं सगळ्यांसमोर लिहायलेय, म्हणजे नांदेड-परभणीकडून तिकडं जाणाऱ्या चार लोकांना पण कळेल की तिथलाच जाणकार माणूस सोबत असला की काय फरक पडतो.

आम्ही घरचेच होतो सगळे, आई, भाऊ-वहिनी, त्यांची दोन पोरं, मी अन् माझी लेक. श्रावणातला दिवस, पहाटेच नांदेड सोडलं, भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला आलो अन् तिथं तुम्ही रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभे. गाडीत बसल्या बसल्या तुम्ही पहिला प्रश्न विचारला तो आईला, "मावशी, गोळ्या किती वाजता घ्यायच्या असतात?" धबधब्याचं, माहूरचं काहीच नाही, आधी गोळ्यांचं. मग त्याप्रमाणे दिवसभराचं जेवण अन् थांबे तुम्ही मनातल्या मनात लावून टाकले, हे मला दुपारी लक्षात आलं.

सहस्रकुंडाबद्दल फोटो बघून जे वाटतं ना, ते समोर उभं राहिल्यावर काहीच नसतं. पैनगंगा तिथं एवढी रुंद पसरलीय, इकडं आपला नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ, अन् मधल्या काळ्याभोर कातळावरनं पाणी एका धारेनं येतच नाही, कुठनं फटीतनं, कुठनं कड्यावरनं, शेकडो धारा एकमेकींत घुसत खाली पडायल्यात, पाणी गढूळ तांबूस, अन् तुषार इतके की आईनं चष्मा पुसून पुसून पदर ओला केला तरी काचा काही स्वच्छ होईनात. शेवटी तिनं चष्मा काढून पर्समध्येच ठेवला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. पोरांना खाली खडकांवर जायचं होतं. फोटो काढायचे, पाण्यात पाय टाकायचे, रील करायची. ऊन पडलेलं, आभाळ स्वच्छ, खडक कोरडे दिसत होते अन् दुसऱ्या गाड्यांतली बरीच मंडळी उतरलेली पण होती, म्हणजे नाही म्हणायला वरवर काही कारणच नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात. भावानं पण म्हणून बघितलं की दहा मिनिटं जाऊ द्या, मी असतो सोबत, तरी तुम्ही शांतपणे नाहीच म्हणालात. "दादा, इथलं आभाळ बघून उपयोग नाही, हे पाणी इथलं नाहीच."

अन् मग पोरांना सोबत घेऊन बसून तुम्ही सगळं समजावून सांगितलं, हे मला फार आवडलं, कारण पोरांना नुसतं नाही म्हटलं तर ती रुसतात अन् नजर चुकवून जातात. ही नदी बुलढाण्याकडं, अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, वाशिम-हिंगोलीकडनं वळसे घेत येते, वर इसापूरचं धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले की पाणी इथं येतं, हिंगोलीकडं रात्री पाऊस झाला की कयाधू फुगते अन् ती पण हिलाच येऊन मिळते, त्यामुळं इथं कडक ऊन असताना सुद्धा पाणी वाढतं अन् वाढताना आवाज करत नाही. मग तुम्ही खालच्या एका खडकाच्या कडेला अडकलेली वाळकी फांदी बोटानं दाखवली अन् पोरांना म्हणालात, "हिच्यावर नजर ठेवा, हलली की मला सांगा."

आम्ही धपाटे अन् दही काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली, पोरं खाता खाता त्या फांदीकडं टक लावून. धपाटे संपायच्या आत धाकटा ओरडला, "हलायली!" खरंच, आधी तिचं टोक भिजलं, मग ती नुसतीच डुलायला लागली अन् बघता बघता निघून गेली, थोड्या वेळानं तो खडकच दिसेना. तोवर तुम्ही उठून पुढं गेला होतात, खालच्या लोकांना हाका मारत, हात हलवत, एका बाईच्या कडेवर लेकरू होतं तिला तर तुम्ही स्वतः हात देऊन वर घेतलंत. ती तुमच्या गाडीतली माणसं नव्हती, तुम्हाला त्यांचे पैसे मिळणार नव्हते. एकजण तर वर आल्यावर तुमच्यावरच चिडला की फोटो राहिला म्हणून. तुम्ही हसून म्हणालात, "फोटो इथनं पण चांगला येतोय, द्या मोबाईल, मी काढतो."

दादा, दरवर्षी पावसाळ्यात पेपरला बातम्या येतात, अमक्या धबधब्यात तमके वाहून गेले, अन् आपण हळहळतो अन् पान उलटतो. माझं तर स्पष्ट मत झालंय की अशा प्रत्येक ठिकाणी, पावसाळ्याचे महिने तरी, तिथल्याच गावचा नदी ओळखणारा माणूस पगारावर उभा पाहिजे. पाटी कोण वाचत नाही. माणूस म्हणाला तर ऐकतात, अन् कारण सांगितलं तर अजूनच ऐकतात.

वझऱ्याचा शेख फरीदचा धबधबा पण सुंदर होता, सहस्रकुंडाच्या मानानं बारीक पण उंचावरनं सरळ पडणारा, भोवती गर्द झाडी. तिथं आम्ही फार थांबलो नाही कारण आईच्या गोळीची वेळ अन् माहूरचा चढ दोन्ही तुमच्या डोक्यात होतं. पण माझ्या लेकीला विचाराल तर तिच्या ट्रिपमधला बेस्ट पार्ट किनवट ते माहूर रस्त्यावरचा आहे. तुम्ही सागाच्या जंगलात गाडी थांबवली, तिला सागाचं कोवळं पान दिलं अन् तळहातावर चोळायला लावलं. हात लालभडक! मेंदी नाही, रंग नाही, नुसतं हिरवं पान. तिनं तो हात संध्याकाळपर्यंत धुतला नाही, जेवली पण चमच्यानं. अन् वर सागाला पांढुरक्या फुलांचे तुरे आलेले असतात हे मी मराठवाड्यात जन्म काढून पहिल्यांदा नीट बघितलं. परत निघालो तेव्हा तिनं विचारलं की ही नदी पुढं कुठं जाते, तर तुम्ही सांगितलं की वर्धा नदीला मिळते, मग ते पाणी प्राणहितेत जातं अन् शेवटी तेलंगणात गोदावरीत, म्हणजे तुमच्या नांदेडच्या घाटावरनं गेलेलं पाणी अन् हे सहस्रकुंडाचं पाणी तिकडं लांब जाऊन भेटतं. नांदेड येईपर्यंत ती आम्हाला तेच ऐकवत होती.

आता आईचं. साडेतीन पीठांपैकी तिचं तुळजापूर झालेलं, कोल्हापूर झालेलं, माहूरच तेवढं राहिलं होतं अन् गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिनं त्याचं नाव काढणंच सोडून दिलं होतं. खाली पायऱ्या बघून ती म्हणालीच, "तुम्ही जाऊन या, मी इथनंच हात जोडते." तुम्ही तिला आग्रह केला नाही, नुसतं म्हणालात, "मावशी, पहिल्या वळणापर्यंत चला, तिथं हवा छान येते." मग तिथं हवा खाल्ली. मग पुढच्या सावलीपर्यंत. थोड्या पायऱ्या चढायच्या, थांबायचं, पण खाली बसायचं नाही, बसलं की गुडघा आखडतो, कठड्याला धरून उभंच राहायचं. नारळाची पिशवी माकडांच्या नजरेला पडू नये म्हणून ती तुम्ही तुमच्या छत्रीत घालून घेतलेली. मागून भराभर चढणारे लोक धक्का देऊन जाऊ नयेत म्हणून तुम्ही सगळा वेळ तिच्या बाहेरच्या बाजूनं चाललात, हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं, माझ्या तर लक्षात पण आलं नव्हतं.

रेणुकामातेचा तो शेंदरी तांदळा, म्हणजे देवीचं नुसतं मुख, समोर आला अन् आई काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली, मागची लाइन सरकेपर्यंत. बाहेर आल्यावर तुम्ही तिच्या हातावर तांबूल ठेवला. कुटलेला विडा, दात नसलेल्या माणसाला पण खाता येतो, आईचे ओठ लाल झाले अन् ती लेकीला म्हणाली, "बघ, तुझा हात लाल तर माझं तोंड लाल." ती एवढी मोकळी हसलेली आम्ही बाबा गेल्यापासून बघितली नव्हती.

दत्तशिखरावर गाडीनं गेलो, ढग इतके खाली होते की समोरचा डोंगर दिसायचा अन् जायचा, मध्येच किल्ल्याची तटबंदी दिसली. अनसूयामातेचं शिखर राहिलं. तुम्ही म्हणालात, "आज मावशीचं एवढंच बास, लोभ नको," अन् कोणी काही बोललं नाही, कारण तोवर आम्हाला तुमचं "नाही" कळायला लागलं होतं.

एक गोष्ट बाकीच्यांसाठी लिहिते. माथेरान-महाबळेश्वरला आपण मागेल ते देतो अन् आपल्या भागातल्या माणसाशी शंभर रुपयांवरनं घासाघीस करतो. नका करू. हा माणूस रस्ता दाखवायचे पैसे घेतो, बाकी सगळं तो स्वतःहून करतो.

दादा, आई आता मावशीला फोनवर पायऱ्यांच्या गोष्टी सांगायलीय अन् मावशीनं पण ठरवलंय. दिवाळीनंतर थंडी पडली की यायचा विचार आहे, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे करायचे अन् राहिलेलं अनसूया शिखर. तारीख तुमच्या सोयीनं ठरवू, सोयाबीनची रास झाली की सांगा. गोळ्यांच्या वेळा मावशीच्या वेगळ्या आहेत, त्या आधीच पाठवते.

तुमची,
नांदेडची ताई