पोलंडच्या फुटबॉल हंगामाची अर्धीच बातमी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर पोलंडच्या फुटबॉलची बातमी येते ती बहुधा आघाडीपटू रॉबर्ट लेवांडोव्हस्कीच्या निमित्ताने. जून २०२५ मध्ये त्याचे कर्णधारपद गेले आणि मिखाव प्रोबिएश प्रशिक्षक असेपर्यंत राष्ट्रीय संघाकडून खेळणार नाही असे त्याने जाहीर केले, तेव्हाही वृत्ताचा सूर असाच होता की एका मानी खेळाडूच्या आणि एका हट्टी प्रशिक्षकाच्या भांडणात पोलंडचे फुटबॉल रसातळाला गेले. २०२४-२५ चा हंगाम आरंभापासून पाहिलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे पटत नाही. राष्ट्रीय संघाची घसरण त्या भांडणाच्या जवळजवळ सात महिने आधीच झाली होती आणि ज्या वर्षात ती झाली त्याच वर्षात पोलंडचे दोन क्लब युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळत होते. वाचकांपुढे या दोन गोष्टी शेजारी शेजारी यायला हव्या होत्या.

आधी राष्ट्रीय संघाविषयी. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्लासगोत स्कॉटलंडला ३-२ असे हरवून नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेची सुरुवात झाली, तेव्हा पुढचे पाच सामने एकही विजय देणार नाहीत असे कोणाला वाटले नसेल. क्रोएशियाविरुद्ध एक पराभव आणि एक ३-३ अशी बरोबरी, पोर्तुगालकडून वॉर्सात १-३ आणि पोर्तोत १-५ असे पराभव. सहा सामन्यांत सोळा गोल खाल्ले गेले. १८ नोव्हेंबरला वॉर्सात स्कॉटलंडविरुद्ध बरोबरी झाली असती तरी पोलंड तिसऱ्या स्थानावर राहून वरच्या श्रेणीत टिकण्यासाठीची जादा लढत (प्ले-ऑफ) खेळला असता. तिसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ल्यावर कामिल पियोंतकोव्हस्कीने दुरून मारलेल्या अप्रतिम फटक्याने १-१ झालेही होते. भरपाईच्या वेळेत स्कॉटलंडचा डावीकडचा बचावपटू अँडी रॉबर्टसन थेट गोलसमोर धावत आला, त्याने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला आणि पोलंड खालच्या ‘ब’ श्रेणीत ढकलला गेला. लेवांडोव्हस्की दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हता, कर्णधारपदाचा वाद तर दूरच होता.

आता क्लबांकडे वळतो. ब्यावीस्तोकचा यागिएलोनिया हा संघ २०२४ मध्ये इतिहासात प्रथमच देशाचा विजेता झाला. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्याला बोदो ग्लिम्टने आणि युरोपा लीगच्या उंबरठ्यावर आयाक्सने परत पाठवले. त्यानंतर कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत हाच संघ कोपनहेगनला जाऊन २-१ असा जिंकला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. तेथे रेआल बेतिसने त्याला रोखले. त्याच फेरीत लेगिया वॉर्साने आपल्या मैदानावर चेल्सीकडून ०-३ असा मार खाल्ला. पण परतीच्या लढतीत, १७ एप्रिल २०२५ रोजी, चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर २-१ असा विजय मिळवला. एकूण गोलसंख्येत लेगिया बाहेर गेली हे खरे, तरी चेल्सीला तिच्या घरी हरवणे ही काही खायची गोष्ट नाही. पोलंडच्या या दोन्ही क्लबांना बाहेर काढणारे चेल्सी आणि बेतिस हेच पुढे अंतिम सामन्यात समोरासमोर आले, आणि तो सामना झाला पोलंडमध्येच, व्रोत्सवाफ शहरात. ज्या श्लोन्स्क व्रोत्सवाफचे ते घरचे मैदान, तो संघ आदल्या वर्षी विजेत्याइतकेच गुण मिळवून दुसरा आला होता. या वर्षी मात्र त्याची खालच्या श्रेणीत घसरण झाली. इतकी उलथापालथ आपल्याकडच्या कुस्तीच्या फडातही क्वचितच पाहायला मिळते.

देशांतर्गत विजेतेपद ७० गुणांसह लेख पोझनानने मिळवले आणि चेंस्तोहोवाचा राकुफ एका गुणाने मागे राहिला. या दोन्ही संघांना त्या हंगामात युरोपीय स्पर्धा नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. गुरुवारी परदेशात खेळून रविवारी पुन्हा लीगच्या सामन्यासाठी मैदानात उतरण्याची दमछाक यागिएलोनिया आणि लेगिया यांच्या वाट्याला आली. ते अनुक्रमे तिसरे आणि पाचवे आले. पोलिश चषकाच्या अंतिम सामन्यात लेगियाने पोगोन श्चेचिनला ४-३ असे हरवले. पोगोनचा हा सलग दुसरा अंतिम पराभव. १९४८ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या कपाटात अजून एकही मोठा करंडक नाही.

क्लब वर आणि देश खाली, हे कसे? माझ्या मते उत्तर गोल करणाऱ्यांच्या नावांत आहे. लीगमध्ये सर्वाधिक २८ गोल करणारा पोगोनचा कुलुरिस ग्रीक आहे. विजेत्या पोझनानचा कर्णधार इशाक स्वीडिश आणि प्रशिक्षक फ्रेडरिक्सन डॅनिश. यागिएलोनियाला युरोपात पुढे नेणारा पुलुलू अंगोलात जन्मलेला आणि फ्रान्समध्ये वाढलेला. चेल्सीविरुद्ध लेगियाचे दोन गोल केले ते चेक पेखार्टने आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या कापुआदीने. याला मी दोष म्हणत नाही. प्रेक्षक वाढले, मैदाने भरली, खेळाचा दर्जा उंचावला आणि युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या देशनिहाय क्रमवारीत पोलंड पंधराव्या स्थानी आल्याने २०२६-२७ मध्ये त्याच्या पाच क्लबांना युरोपीय स्पर्धांची दारे उघडली. मात्र क्लबच्या यशाचा पाझर राष्ट्रीय संघापर्यंत आपोआप पोहोचत नाही, कारण गोल करण्याच्या जागी पोलिश तरुणाला उभे राहायलाच मिळत नाही. हेलसिंकीत १० जूनला फिनलंडने पोलंडला २-१ असे हरवले, त्यातला दुसरा गोल बेंजामिन कॅलमनने केला. हा कॅलमन तेव्हा क्राकोव्हिया क्लबचा, म्हणजे पोलंडच्याच लीगमध्ये सराव करून तयार झालेला आघाडीपटू. त्या संपूर्ण हंगामाचा अर्थ मला त्या एका गोलात दिसतो आणि आपल्या वृत्तात नेमका तोच निसटला.

कोल्हापूरच्या वाचकाला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. आमच्या पेठांचे संघ नायजेरियन खेळाडू आणतात तेव्हा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत याच मुद्द्यावर हमरीतुमरी होते: सामना रंगतो, पण तालमीतल्या पोराने कुठे खेळायचे? (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले असल्याने त्या देशाबद्दल इथे थोडी अधिक आस्था आहे, हेही सांगून टाकतो.)

लेवांडोव्हस्कीच्या वादाबद्दल थोडेच. थकव्याचे कारण देऊन त्याने जूनच्या सामन्यांतून सुट्टी घेतली होती, तरीही ६ जूनला होझुफच्या मैदानात जुना सहकारी कामिल ग्रोसित्स्कीला निरोप द्यायला तो हजर राहिला. दोनच दिवसांनी २०१४ पासून त्याच्याकडे असलेले कर्णधारपद सहकारी खेळाडू झिएलिन्स्कीकडे गेल्याचे त्याला फोनवरून कळवण्यात आले. बार्सिलोनाकडून त्याच हंगामात लीगमध्ये २७ गोल करणाऱ्या छत्तीस वर्षांच्या माणसाने दम खायला सुट्टी मागणे मला गैर वाटत नाही. सामन्याच्या तोंडावर फोनवरून कर्णधार बदलणे मात्र निव्वळ अविचार होता. हेलसिंकीच्या पराभवानंतर १२ जूनला प्रोबिएश यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याने वाद मिटेल, पण लेवांडोव्हस्कीनंतर गोल कोण करणार याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते मिळालेच तर पोझनानच्या अकादमीतून किंवा ब्यावीस्तोकमध्ये घडलेल्या ऑस्कर पिएतुशेव्हस्कीसारख्या, सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच पहिल्या संघात आलेल्या मुलांकडून मिळेल.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. कॉन्फरन्स लीगचे सामने आपल्या घड्याळाप्रमाणे गुरुवारी रात्री उशिरा, काही तर मध्यरात्रीनंतर सुरू होतात, त्यामुळे शुक्रवारच्या अंकात त्यांचे निकाल येणे छपाईच्या वेळेमुळे अवघड असते, हे मी समजू शकतो. शनिवारच्या अंकात पोलिश क्लबांसाठी चार ओळींची जागा काढता आली तर पाहावे, आणि त्यात गोल करणाऱ्याच्या नावापुढे त्याचा देशही द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर