‘विषारी औषध’ हा शब्दप्रयोग थांबवा

महोदय,

‘विषारी औषध प्राशन केले’ असे बातम्यांत नेहमी छापून येते. ते बहुतेक वेळा कीटकनाशक किंवा तणनाशक असते. संस्कृतात ‘ओषधी’ म्हणजे वनस्पती आणि तिच्यापासून केलेले, रोग बरा करणारे ते ‘औषध’. पिकावर ‘रोग पडतो’ म्हणून फवारणीच्या द्रावणालाही आपण औषधच म्हणतो. उंदराचे औषध, ढेकणाचे औषध, कपाशीला औषध मारणे, सगळे त्याच माळेतले. पण या शब्दाने धास्ती जाते. बादलीत हात घालून द्रावण ढवळले जाते, रिकामा डबा धुऊन घरात तेलासाठी ठेवला जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलो की काय?

डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल तर विष अत्यंत जहाल. त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. खाली लाल रंग असेल तर वरच्या भागात कवटीचे चित्रही असते. दुकानदाराने डबा हातात देताना हा रंग दाखवावा आणि आपल्या वृत्तपत्राने ‘कीटकनाशक’, ‘तणनाशक’ असेच लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, यवतमाळ