काय वाचून राहिलात?

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकांच्या गप्पांची बैठक घरी सुरू करायची म्हणता, तर कशी करायची ते लिहूनच पाठवते. फोनवर सांगितलेलं अर्धं आईच्या मिक्सरमध्ये जातं.

आधी नावाचं. ‘पुस्तक परीक्षण’, ‘वाचक मंडळ’, ‘साहित्य चर्चा’ असलं काही ठेवू नका, लोक इस्त्रीचे कपडे घालून भाषण घेऊन येतात. एकच प्रश्न ठेवा: काय वाचून राहिलात? तोही वर्तमानकाळातच. ‘आवडतं पुस्तक कोणतं’ विचारलं की माणूस चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तर काढतो आणि दर वेळी तीच चार-पाच नावं निघतात. ‘सध्या काय चाललंय’ विचारलं की अर्धवट पुस्तकंही बाहेर येतात. ‘साठ पानं झाली, कंटाळा येतोय, सोडू का?’ हाही विषय चालतो. खरं तर गप्पा त्यावरच सगळ्यात जास्त रंगतात.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं, हा शहाणपणा करू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेकदा हजाराच्या आसपास प्रतींची असते. ती संपली की पुढची कधी निघेल ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आठ जणांसाठी आठ प्रती आपल्या नागपुरात, बर्डीच्या बाजारात, एका फेरीत मिळणं कठीण. आणि मिळाल्या तरी कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाकडे नातवंडं, म्हणून निम्मे लोक न वाचता येतात आणि गप्प बसतात. ज्याचं त्याचं पुस्तक वेगळं असलं की कोणी नापास होत नाही.

माणसं सहा ते आठ. दहाच्या वर गेलात तर दोन गट करा. एकाला पाच मिनिटं. पहिल्या मिनिटात पुस्तकाचा पत्ता सांगायचा: नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव. अनुवादकाला लोक हमखास विसरतात, आणि दुसऱ्याला दुकानात तेच पुस्तक मागायचं तर ते नाव लागतंच, कारण एकाच कादंबरीचे दोन-तीन अनुवाद बाजारात असू शकतात. पुढची दोन मिनिटं, पुस्तक कशाबद्दल आहे आणि आपण कुठवर आलो. शेवटची दोन मिनिटं मोठ्याने वाचन.

हे वाचन टाळू नका. ‘भाषा फार सुंदर आहे हो’ असं दहा वेळा सांगून जे कळत नाही, ते अर्ध्या पानात कळतं. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकात पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात आणि मोठ्याने वाचायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे पाऊण पान घ्या, एक पान ही शेवटची हद्द. उतारा असा निवडा की मागचं काही सांगावं लागू नये. चार पात्रांचा संवाद घेतला तर कोण बोलतंय तेच ऐकणाऱ्याला कळत नाही आणि वाचणारा मध्येच थांबून खुलासे करत बसतो. वर्णन, एखादा प्रसंग, नाहीतर एखादा ठाम मुद्दा असलेला परिच्छेद चांगला. सुरुवातीला आणि शेवटाला पेन्सिलीने बारीक खूण करा, घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा. पान क्रमांक सांगून उपयोग नाही, आवृत्ती बदलली की पानं सरकतात. प्रकरणाचं नाव सांगा.

आठ पंचे चाळीस, मधल्या गप्पा धरून ऐंशी मिनिटं. नव्वदच्या पुढे नेऊ नका. घड्याळ मात्र बाबांकडे नको, आईकडे द्या. बाबा, राग मानू नका, पण तुमची पाच मिनिटं किती असतात ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन गोष्टींना बंदी घाला. एक, कथा-कादंबरीचा शेवट सांगणं. चरित्राला आणि इतिहासाला हा नियम नाही, तिथे शेवट माहीत असतोच. दुसरी, ‘ते तर मी केव्हाच वाचलंय’ हे वाक्य. समोरच्याचा फुगा तिथल्या तिथे फुटतो आणि पुढच्या रविवारी तो येत नाही. वाचलं असेल तर ‘कुठवर आलात?’ एवढंच विचारायचं.

गच्चीचा बेत सोडा. उघड्यावर आवाज विरतो आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते नुसते मान डोलावत बसतात. हॉलमध्ये गोल बसा, खुर्च्या जवळ-जवळ. वाचणाऱ्याच्या तोंडावर खिडकीचा उजेड पडला पाहिजे, पाठीवर नाही. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, तोंड अंधारात गेलं की त्यांचा अर्धा आधार जातो. पंखा कमी करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा चारलाच सुरुवात करा. एप्रिलपासून बैठक सकाळी आठला न्या, कारण कूलर चालू असताना वाचन कोणालाच ऐकू येत नाही. आणि कूलरच्या झोतासमोर पुस्तकांची मांडणी ठेवू नका. दमट हवेने कागद फुगतो, वाकतो, आणि तशा कागदावर बुरशी आणि कसर लवकर येते.

खायला चहा आणि कोरडा चिवडा, तोही वाचन संपल्यावर. एकदा तर्री-पोहे केले की पुढची बाई सांबारवडी करते, तिसरी पाटोडी-रस्सा, आणि मग पुस्तकं बाजूला राहून पंगत सुरू होते. तर्रीचं बोट लागलं की पानावरचा डाग जन्मात जात नाही, ते वेगळंच.

पुस्तकं एकमेकांना द्यायला लागाल तेव्हा शंभर पानी वही घाला. तारीख, पुस्तक, कोणाचं, कोणाकडे, परत, एवढे पाच रकाने. एका वेळी एकाला एकच पुस्तक, मुदत दोन बैठकांची. मालकाचं नाव शेवटच्या पानाच्या आत पेन्सिलीने लिहा. वहीपेक्षा पक्की युक्ती म्हणजे नेणाऱ्याच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढायचा आणि बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. सहा महिन्यांनी ‘मी नेलंच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही, आणि कोणाला वाईटही वाटत नाही.

आता दिवाळी अंकांचं, कारण ही बैठक खरी तिथेच जमेल. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला फराळाबरोबर वाचायलाही येतं. पण बरेच अंक आता तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेलेत, एका घराने आठ घ्यायचे म्हणजे तीन हजाराला चाट. आठ घरांनी एकेक घ्या आणि फिरवा. कोण कोणता घेणार ते आधी ठरवा, नाहीतर तीन जण एकच अंक आणतात. दोन कथा-कवितांचे, दोन लेखांचे, एक विनोदी, एक विज्ञानाचा किंवा आरोग्याचा, एक मुलांचा, एक मनाला येईल तो.

फिरवण्याची पद्धत महत्त्वाची. ‘वाचून झाला की पुढे द्या’ असं ठरवलं तर साखळी पहिल्याच महिन्यात तुंबते. एक जण सावकाश वाचतो, त्याच्याकडे तीन अंक साठतात आणि पुढचे चार जण रिकामे बसतात. त्यासाठी दिवस ठरवा: एक रविवार सोडून पुढच्या रविवारी सगळे अंक एकदम, बसलेल्या क्रमाने, उजवीकडच्या माणसाकडे. वाचून झाला असो वा नसो. राहिलेला अंक फेरी संपल्यावर मागून घेता येतो. आठ अंक, पंधरा-पंधरा दिवस, म्हणजे साधारण चार महिन्यांत प्रत्येक अंक प्रत्येकाच्या हाताखालून जातो. कोणी गावाला गेला तर त्याने आपला अंक शेजारच्याकडे ठेवून जायचं, नाहीतर तो अंक मुलाकडे पुण्याला जाऊन येतो.

अंकाच्या अनुक्रमणिकेच्या कडेला एक कोरी चिठ्ठी लावा. तिच्यावर आवडलेल्या लेखापुढे प्रत्येकाने पेन्सिलीने एक टिंब द्यायचं, जास्तीत जास्त तीन. नापसंतीची फुली नाही. पाचव्या-सहाव्या माणसाच्या हाती अंक येतो तोवर काय आधी वाचायचं ते त्याला दिसतं, आणि ज्याच्यापुढे एकही टिंब नाही तो लेख वाचून त्याची बाजू घेणारा एखादा तरी निघतोच. राशिभविष्य आणि शब्दकोड्याचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. नाहीतर शब्दकोडं पहिलाच माणूस पेनने सोडवतो आणि राशिभविष्य चक्क कापलं जातं, बाप्पा!

ग्रुपवर पुस्तकाचं नाव टाईप करून मग खाली आवाजी निरोप टाका, एका मिनिटाच्या आत. नुसता आवाज टाकला तर महिन्याने शोधताना सापडत नाही. माईकचं बटण दाबून बोट वर सरकवलं की ते धरून ठेवावं लागत नाही, आईला दाखवा. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ कोणी टाकली तर बाबांनी लगेच काढायला सांगावं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन आता मोकळं आहे. सावनेरला १९१९ मध्ये गेलेल्या राम गणेश गडकऱ्यांचंही. हयात लेखकाचं नाही. आणि स्कॅन केलेली पीडीएफ मोबाईलवर वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षाच: अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पुस्तकात तसं होत नाही, अक्षर मोठं केलं तरी ओळी आपोआप बसतात.

पुस्तकं आणायची तर दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात लागणारे स्टॉल सोडू नका. इतकी वैचारिक मराठी पुस्तकं एका ठिकाणी, तीही स्वस्तात, एरवी दिसत नाहीत. ऐन दसऱ्याची गर्दी बाबांच्या गुडघ्यांना झेपायची नाही, सकाळी लवकर जा आणि कापडी पिशव्या दोन न्या. वर्षभरासाठी विदर्भ साहित्य संघाकडेही चौकशी करा. त्यांच्या ‘युगवाणी’चे जुने अंक मिळाले, तर ज्यांना अख्खी कादंबरी जड जाते त्यांची सोय होईल.

पहिल्या बैठकीला सहाच जण बोलवा. वहीचं पहिलं पान भरलं की त्याचा फोटो मला पाठवा. आईने तिचं पुस्तक लपवून ठेवलंय असं वाटतंय, तिला पहिली पाळी द्या.

तुमची,
लेक