सालीतल्या पांढऱ्या सुया

धरमपेठ, नागपूर

प्रिय पिल्ला,

काल रात्री फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आई, माझं कंपाऊंड आधीच कुणीतरी शोधलेलं निघालं," आणि मग बराच वेळ बोललीच नाहीस. झाडाच्या सालीतला एकेक पदार्थ वेगळा काढायला चौदा महिने कॉलम चालवल्यावर हे वाक्य उच्चारणं किती जड जातं, मला ठाऊक आहे. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

एम.एस्सी.ला असताना मी सीताबर्डीच्या रसवाल्यांकडून संत्र्याच्या साली गोळा करून आणायची. घरी सावलीत वाळवायची, दळायची. आधी पेट्रोलियम ईथरने तेलकट भाग काढून टाकायचा, मग सॉक्सलेटला, म्हणजे गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणाला, मेथनॉल लावायचं. एका सकाळी फ्लास्कच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद. आठवड्याभरात कळलं, ते हेस्पेरिडीन होतं, संत्र्या-लिंबांच्या सालीत नेहमीच असणारा पदार्थ. लब्रेतों नावाच्या फ्रेंच माणसाने ते १८२८ सालीच वेगळं करून ठेवलेलं!

मी रडले. सरांनी रडू दिलं आणि मग विचारलं, "साली अंबियाच्या होत्या की मृगाच्या?" संत्र्याच्या या दोन बहरांपैकी कुठला, मला सांगता येईना. अंबियाच्या नोव्हेंबरातल्या आणि मृगाच्या फेब्रुवारीतल्या साली मी एकाच डब्यात ओतल्या होत्या, वहीत तारीखसुद्धा नव्हती. पुढच्या खेपेला हेस्पेरिडीन निराळ्याच प्रमाणात निघालं आणि का, ते मला सिद्ध करता आलं नाही. वर्षभराचे आकडे बाद करावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती.

पण माझं खरं काम त्या प्रश्नापासून सुरू झालं. हेस्पेरिडीन कोवळ्या फळात भरपूर असतं आणि फळ वाढत-पिकत जातं तसं त्याचं प्रमाण उतरत जातं. काटोल-वरूडकडच्या बागांत हिरवी फळं गळून झाडाखाली सडा पडतो. शेतकऱ्याचं तेवढं नुकसान, पण आपल्याला हवा असलेला पदार्थ त्या गळलेल्या फळांतच जास्त. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या सड्यापाशी गेली आणि मला त्याची खंत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचंच बघ. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन त्यांना बाई असल्यामुळे घ्यायला तयार नव्हते, नंतर अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून विज्ञानात पीएच.डी. झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांनी काय दाखवलं? सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन, वनस्पतींच्या पेशींतही असतं. प्राण्यांत ते आधीच माहीत होतं. साधा बटाटा हाताळता हाताळता त्या तिथवर पोचल्या.

कॅम्पटोथेसिन या कर्करोगविरोधी पदार्थाची गोष्ट तर मला जास्तच जवळची. आपल्या नंदुरबारात जन्मलेले डॉ. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून मिळवलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तोच पदार्थ आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडला. पदार्थ जुनाच, झाड नवं. त्यावरून बेतलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज कर्करोगाच्या रुग्णांना देतात. याची दुसरी बाजूही तुला माहीत असायला हवी. औषधासाठी मागणी वाढली आणि नरक्याची झाडं बुंध्यापासून तोडली गेली, मुळंसुद्धा उकरली. एखाद्या झाडात अमुक आहे असं आपण छापतो, तेव्हा त्या झाडाच्या अंगावर किंमत लिहितो. हे मला फार उशिरा उमगलं. तू आत्ताच ध्यानात ठेव.

म्हणून आता पेपरांचा शोध दोन दिवस बाजूला ठेव. तुझी साल कोणी आणली, कुठल्या महिन्यात, किती जुन्या झाडाची, हे वहीत आहे का? हर्बेरियम शीट, म्हणजे झाडाची ओळख पटवणारा वाळवलेला नमुना, केली आहेस ना, आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाने ती तपासली आहे? तुझ्या प्रजातीत हा पदार्थ याआधी कोणी नोंदवला आहे की सगळे उल्लेख दुसऱ्याच कुळातले आहेत? आणि सालीऐवजी गळलेल्या पानांत तो मिळतो का, हे एकदा करून बघ. मिळाला तर झाडाला हात लावावा लागणार नाही.

शीटचा फोटो रात्री पाठव. बाबांनी अंबियाची संत्री आणली आहेत, तुझ्या वाटणीची निराळी काढली आहेत. साली मी सावलीत पसरल्या आहेत, या वेळी डब्यावर तारीख घालून.

तुझी,
आई