अंध छायाचित्रकाराला त्याचा फोटो परत द्या

महोदय,

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे पांढऱ्या काठीच्या दिवसाच्या आसपास अंध व्यक्तींनी काढलेल्या फोटोंच्या बातम्या येतात. मथळा ठरलेला, ‘अंधत्वावर मात’. खाली दीपप्रज्वलन करणाऱ्या पाहुण्यांचा फोटो. ज्यांचे काम भिंतीवर लागले आहे त्यांनी ते कसे केले, यावर एक ओळही नसते. पार्थो भौमिक यांनी ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा अंधांना छायाचित्रण शिकवण्याचा उपक्रम आपल्या मुंबईतच २००६ मध्ये सुरू केला. एवढ्या वर्षांनीही आपण या कामाकडे चमत्कार म्हणून पाहतो, याचे वाईट वाटते. हे एक कसब आहे आणि ते शिकवता येते.

अंध म्हणजे सगळा काळोख, असेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल, तर ती व्यक्ती अंध ठरते. त्यातल्या अनेकांना उजेड कुठून येतो हे कळते, काहींना रंग आणि हालचालही जाणवते.

माणसाचा फोटो आवाजाच्या रोखाने काढतात, आणि पहिली चूक तिथेच होते. आवाज तोंडातून येतो. नेम आवाजावर धरला की तोंड चौकटीच्या मधोमध येते आणि वरची जवळजवळ अर्धी चौकट भिंत नाहीतर आभाळ. म्हणून फोन उभा धरून आवाजापेक्षा दीड-दोन वीत खाली, छातीच्या रोखाने धरायचा. अंतरासाठी समोरच्याच्या खांद्याला हात लावायचा आणि एक पाऊल मागे यायचे; डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत माणूस मावतो. दुसरी चूक तिरका फोटो. पडद्यावरचे बटण दाबताना बोटाच्या जोराने फोन एका बाजूला कलतो. कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास सोडताना, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढला तर हा दोष बराच कमी होतो. आयफोनवरचे व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय, चौकटीत किती चेहरे आहेत आणि ते कुठे आहेत हे बोलून सांगते. घरात त्याचा फार उपयोग होतो. दादरच्या फुलबाजारात मात्र ते ऐकू येत नाही, आणि कानात इअरफोन घातला तर मागून येणारी हातगाडी कळत नाही. तिथे सोबतीला माणूसच हवा.

ऊन गालाला लागते, त्यावरून प्रकाशाची बाजू ठरवता येते. पावसाळ्यात ढगांमुळे ही खूण जाते. मग उजेड वाढला की स्वर चढवणारे अ‍ॅप वापरावे लागते.

पूर्ण अंधाऱ्या खोलीतल्या फोटोग्राफीत डोळसांची कसलीच सरशी नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ३० सेकंद उघडे, भिंगाचे छिद्र लहान (एफ ८), प्रकाशाची संवेदनशीलता कमी (आयएसओ १००). एका हाताने वस्तू चाचपत दुसऱ्या हातातल्या टॉर्चने तिच्यावरून उजेड फिरवायचा. टॉर्च एका जागी रेंगाळला तर पांढरा डाग पडतो, भिंगाकडे वळला तर प्रकाशाची रेघ उमटते. म्हणून मनात आकडे मोजत हात फिरवतात. लहानपणीच दृष्टी गेलेले, मूळचे स्लोव्हेनियाचे आणि पॅरिसमध्ये काम करणारे छायाचित्रकार एवगेन बावचार यांचे काळ्या पार्श्वभूमीवरचे फोटो अशा टॉर्चच्या उजेडातले आहेत.

आम्हा प्रशिक्षकांची खरी तक्रार यापुढची आहे. फोटो छापून काचेच्या चौकटीत लागतो आणि तो काढणाऱ्याच्या हाताला गार काच लागते. कोपऱ्यात ब्रेलमध्ये शीर्षक चिकटवले की आयोजकांचे समाधान होते. प्रत्येक फोटोशेजारी त्याचे स्पर्शचित्र, म्हणजे बोटांनी चाचपून कळणारे उठावाचे चित्र, असलेच पाहिजे, असे आमचे ठाम म्हणणे आहे.

स्पर्शचित्रासाठी उष्णतेने फुगणारा खास कागद मिळतो. त्यावर काळ्या रेषा छापून तो हीटरखालून काढला की तेवढ्या रेषा वर येतात. मूळ फोटो जसाच्या तसा छापला तर करड्या जागाही फुगतात आणि बोटाखाली नुसती खरखर राहते. म्हणून आधी फोटोचे रेषाचित्र करावे लागते. बारीकसारीक गाळायचे, दोन रेषांत निदान ३ मिलिमीटर जागा सोडायची, एक आकार दुसऱ्यावर आला असेल तर पुढच्या आकाराभोवती मोकळी पट्टी ठेवायची, आणि पोत चार-पाचच्या वर न्यायचे नाहीत. अंगठाभर स्पर्शचित्राचा उपयोग नाही. ते ए-३ आकाराचे, दोन्ही तळवे फिरतील असे हवे.

हा कागद महाग पडत असेल तर मेंदीच्या कोनात फेव्हिकॉल भरून जाड कार्डावर रेषा काढाव्यात आणि रात्रभर वाळू द्याव्यात. केसांसाठी सुतळी, रस्त्यासाठी पॉलिश पेपर, साडीसाठी साडीचाच तुकडा. मात्र आपल्याकडच्या पावसाळी हवेत फेव्हिकॉल चिकट होतो आणि एकावर एक ठेवलेली कार्डे जोडली जातात. त्यावर हलकी टाल्कम पावडर लावावी आणि मध्ये बटर पेपर घालावा.

सोबत मिनिटभराचे ध्वनिवर्णन हवे. चौकटीत काय, कुठे, किती मोठे, उजेड कुठून, या क्रमाने. ‘हृदयस्पर्शी क्षण’ असले शब्द नकोत. छायाचित्रकाराला ‘डावा खांदा कापला गेला आहे’ हे कळले, तर पुढच्या वेळी तो फोन उजवा-डावा सरकवेल. आपला फोटो तपासण्याचा हक्क डोळस छायाचित्रकाराला पडद्यावर क्षणात मिळतो, इथे तो असा मिळतो.

वर सांगितलेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्यामुळे महापालिका आणि काळाघोडा परिसरातली कलादालने यांनी अशा प्रदर्शनाला जागा देतानाच स्पर्शचित्रांची अट घालावी. ती भिंतीवर उभी टांगू नयेत, मनगट दुखते. कमरेच्या थोड्या वर, उतरत्या फळीवर, चारही कोपरे पक्के करून ठेवावीत. रोज शेकडो बोटे फिरली की रेषा दबतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती करून घ्याव्यात. आणि आपल्या वार्ताहरांनी उद्घाटनाच्या आधी, गर्दी नसताना येऊन, डोळे मिटून त्यातले एक तरी चित्र हाताने पाहावे.

– दृष्टिबाधितांना छायाचित्रण शिकवणारे काही प्रशिक्षक, दादर, मुंबई