तुझ्या तंबोऱ्याची जवारी

मिरज, रविवार

प्रिय गवईबुवा,

तंबोरा वाचला, हे आधी सांगून टाकतो. 'माळ्यावर पडलाय, देऊन टाक कुणाला तरी,' म्हणाला होतास. देणारही होतो. पण खोळ काढली तर भोपळ्याला वीतभर चीर आणि खुंटीला आपल्या सदाशिव पेठेतल्या खोलीची किल्ली अजून लटकलेली! मग काय, त्याला मांडीवर घेऊन थेट मिरज गाठली.

सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कलिंगड बघतात तशी. म्हणाले, "पंढरपूरकडचा दिसतोय. जाड आहे, टिकेल." 2024 मध्ये इथल्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं अभिनंदन केलं तर चाचा नुसतेच हसले आणि कानस हातात घेतली. चीर बुजवणं, तारा बदलणं हे एरवीचं काम. खरी गंमत जवारीची, म्हणजे तारेचा आवाज भरदार, गुंजता करायची. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कणभर घासायची, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. मोजमाप सगळं कानात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेला आणि एका जागी आवाज असा उघडला, की समोरच्या दुकानातला पोरगाही वर बघायला लागला.

आता एक कबुली. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून आपोआप गंधार, म्हणजे 'ग'सुद्धा ऐकू येतो, असं तू मला पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हा मी 'हो, येतोय की' म्हणालो होतो. साफ खोटं! तीन महिने मला काहीही ऐकू येत नव्हतं. तू चिपळूणचा, मी लातूरचा. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून आपलं रोज वाजायचं. त्यात तंबोऱ्यामागे बसायची संधी कोण सोडणार? 'तुला गळा नाही, पण हात स्थिर आहे,' हे तुझं प्रशस्तिपत्रक मी अजून जपून ठेवलंय. आणि गंधार ऐकू आला तो एका पहाटे, तू मध्येच खोकत थांबलास तेव्हा. तुला सांगितलं नाही, कारण आधीच 'येतोय' म्हणून बसलो होतो.

संध्याकाळी दर्ग्यात गेलो. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी बराच वेळ बसलो. माणूस उत्तरेतल्या किराणा गावचा, राहिला मिरजेत, 1937 मध्ये प्रवासात गेला तो पार तिकडे मद्रासकडे, आणि विसावला इथे. शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी. त्यांनी गुरूंच्या नावाने 1953 मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला आणि त्याच्या मांडवात आपण दोघं शेवटच्या बटाटेवड्यावरून भांडलो. (वडा तूच खाल्लास.)

तू हल्ली फोनमधल्या तंबोऱ्यावर गातोस म्हणे. तो थकत नाही, बेसूर होत नाही, मान्य. पण तुझी तान घसरली की मागून खाकरतो का तो?

आता रोज सकाळी वाजवतो, पुढे कुणी नसताना. बायको म्हणते, नवरदेवाविना वरात चाललीय. डिसेंबरात येतोयस ना? पट्टी कळव, म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरतोस ते. अजून काळी एकच, की आता पांढरी सातवर उतरलास?

तुझा,
मागे बसणारा