टान्नावर आधी कावा, मग अमेरिका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला 'कार्गो कल्ट'वरचा, म्हणजे परदेशी मालाच्या आशेने उभ्या राहिलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या पंथांवरचा, लेख वाचनीय होता, पण त्यातला घटनाक्रम उलटा लागला आहे. लेख सांगतो तो असा : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमाने आली, डबाबंद अन्न उतरले, युद्ध संपल्यावर विमाने गेली आणि मग भोळ्या बेटकऱ्यांनी बांबूची विमाने व लाकडी हेडफोन करून त्यांना परत बोलावायला सुरुवात केली. उदाहरण दिले आहे प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशातल्या टान्ना बेटाचे. नेमके तिथेच हे गणित बसत नाही.

टान्नावर जॉन फ्रूमचे, म्हणजे ज्याच्या निरोपांवर तिथली चळवळ उभी राहिली त्या गूढ पुरुषाचे, नाव सरकारी कागदांत १९४०च्या सुमारास येते. रविवार, ११ मे १९४१ रोजी प्रेस्बिटेरियन चर्चे ओस पडली. अमेरिकी सैन्य या बेटसमूहात उतरले १९४२ साली, आणि तेही एफाते व एस्पिरितू सांतो या बेटांवर. टान्नावर त्यांचा तळ कधीच नव्हता. म्हणजे आधी 'पंथ', मग विमाने. 'जॉन फ्रॉम अमेरिका'वरून फ्रूम झाले, ही लेखातली व्युत्पत्तीही त्यामुळे डळमळते. गोऱ्यांना झाडून काढणारा 'ब्रूम', म्हणजे झाडू, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. दोन्ही अंदाजच.

मग १९४१ साली लोकांना हवे काय होते? त्यासाठी कावा हे तिथले पेय समजून घ्यावे लागते. ते ज्या वनस्पतीपासून करतात तिचेही नाव कावाच. विड्याच्या पानाच्या वेलीची ही सख्खी नातलग, पण इथे कामाची असते ती मुळी. संध्याकाळी वडाच्या प्रचंड झाडाखालच्या मोकळ्या जागेत पुरुष जमतात. मुळीची माती खरवडून काढतात, तुकडे करतात. पोरगेलेसे मुलगे ते चावून लगदा पानावर काढतात, त्यावर पाणी घालतात आणि माडाच्या झावळीच्या बुडाशी असते त्या जाळीतून पिळून करवंटीत गाळतात. करवंटी एका दमात रिकामी करायची, शेवटचा घोट फवाऱ्यासारखा थुंकायचा आणि त्याच क्षणी पूर्वजांकडे जे मागायचे ते बोलायचे. नंतर कुजबुजीपलीकडे कोणी बोलत नाही. थोडक्यात, कावा म्हणजे टान्नाची दारू नव्हे. पूर्वजांशी बोलण्याचा तो रस्ता आहे. मिशनऱ्यांनी हे बरोबर ओळखले होते, म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'टान्ना लॉ' या नावाने चाललेल्या त्यांच्या न्यायालयांनी कावा आणि पारंपरिक नाच यांवर बंदी घातली.

जॉन फ्रूमचा पहिला निरोप होता तो हाच : कावा प्या, नाचा, चर्च सोडा, मिशनच्या गावांतून उठून आपापल्या वाडवडिलांच्या जमिनीवर परत जा. मालाने भरलेल्या जहाजाची गोष्ट त्यात अग्रस्थानी नव्हती. लोकांनी दुकानांत जाऊन हातातला सगळा पैसा खर्च केला, काहींनी तो समुद्रात फेकला, जनावरे कापून मेजवान्या दिल्या. लेखात याला 'सामूहिक वेड' म्हटले आहे. पण गोरे जाणार, त्यांचे चलन बाद होणार आणि जॉन स्वतःचे चलन आणणार असा निरोप असेल, तर जुनी नाणी आजच खर्चून टाकणे हा शुद्ध व्यवहार ठरतो. शिवाय तिशीच्या दशकात खोबऱ्याचे भाव कोसळले होते. तो पैसा जपून ठेवावा असे त्या व्यापाराने त्यांना काय दिले होते?

धावपट्टीची गोष्ट मात्र खरी आहे. १९४३ साली उत्तर टान्नात नेलोआइग नावाच्या माणसाने स्वतःला जॉन फ्रूम जाहीर केले आणि लोकांकडून जंगल तोडून विमानतळासाठी जागा साफ करून घेतली. पण तेव्हा युद्ध चालू होते आणि अमेरिकी दोनशेहून अधिक किलोमीटरवर एफातेत हजर होते. टान्नाचे सुमारे हजार पुरुष त्या तळांवर मजुरीला जाऊन आले होते. झाडी तोडून धावपट्टी कशी होते, हे त्यांनी राबून पाहिले होते. शिवाय तिथे काळे सैनिक गोऱ्यांसारखाच गणवेश घालून तसलेच ट्रक चालवताना दिसले. (त्या सैन्यातला वर्णभेद दुरून दिसण्यासारखा नव्हता.) वसाहतीच्या अधिकाऱ्यांचे धाबे दणाणले आणि आमचा जॉन फ्रूमशी संबंध नाही, हे सांगायला अमेरिकी मेजरलाच टान्नावर आणावे लागले. परिणाम काय झाला असेल, ते सांगायला नको.

आता अर्थ लावण्याबद्दल. लेखकाने एकच अर्थ दिला आहे, 'तंत्रज्ञान न कळल्याने केलेली नक्कल'. त्याच्या जवळ जाणारे गंभीर काम मानवशास्त्रज्ञ पीटर लॉरेन्स यांचे. पीक यायला जसा योग्य देव आणि योग्य विधी लागतो तसाच मालालाही लागतो, आणि मिशनरी तो विधी लपवतात, असा तर्क त्यांनी नोंदवला. पण तो पापुआ न्यू गिनीतल्या मदांग भागातला. मदांग ते टान्ना म्हणजे जवळपास मुंबई ते बँकॉक; तिथला तर्क इथे चिकटवता येत नाही. समाजशास्त्रज्ञ पीटर वर्स्ली यांनी १९५७ साली या चळवळींत वसाहतवादाविरुद्धचा असंतोष आणि उद्याच्या राष्ट्रवादाची बीजे पाहिली. टान्नाच्या १९४१ला हे बरेच लागू पडते. अडते ते पुढे : ३० जुलै १९८० रोजी वानुआतू स्वतंत्र झाला, तरी चळवळ विरघळली नाही. जॉन फ्रूमवाल्यांना नव्या सरकारातही जुन्या मिशनचाच वास येत होता. त्या सरकारचे प्रमुख वॉल्टर लिनी हे अँग्लिकन पाद्री होते. माझ्या मते टान्नापुरते सर्वांत जवळ जातात फ्रेंच भूगोलज्ञ जोएल बोनमेझों. त्यांच्या दृष्टीने हा झगडा 'कास्तोम'चा, म्हणजे जमीन, जागा आणि पूर्वजांशी असलेल्या नात्याचा.

आणि खुद्द 'कार्गो कल्ट' हा शब्द? मानवशास्त्रज्ञ लॅमॉन्ट लिंडस्ट्रॉम यांनी त्याचा माग काढला तो १९४५च्या नोव्हेंबरमधल्या 'पॅसिफिक आयलंड्स मंथली' या मासिकापर्यंत. स्थानिकांना सवलती दिल्या तर काय होईल, या न्यू गिनीतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या धास्तीतून तो छापला गेला. संशोधकांनी नंतर उचलला, आणि आज त्यांच्यातलेच अनेक जण तो टाळतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४च्या पदवीदान भाषणात लाकडी हेडफोनचे उदाहरण दिले, तेव्हा बेटाचे नाव घेतले नव्हते. त्यांना संशोधनातल्या प्रामाणिकपणाविषयी बोलायचे होते. आपल्याकडच्या व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअरवरच्या लेखांतून ते उदाहरण टान्नाच्या माथी बसले.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही दोन शब्द. उघड्या छातीवर तांबड्या रंगात 'यूएसए', खांद्यावर बंदुकीएवढी बांबूची काठी, तिचे टोक तांबडे : ही कवायत दर वर्षी १५ फेब्रुवारीला होते. १९५७ साली याच तारखेला टान्नावरच्या सल्फर बे येथे झेंडा उघडपणे फडकवला गेला. त्याआधी दीड दशक अटका आणि हद्दपारी चालली होती. विमान बोलावण्याचा तो विधी नव्हे. बऱ्याच अंशी 'आता आम्हाला कोणी पकडत नाही' याचे ते संचलन आहे.

शेवटची दुरुस्ती. प्रिन्स फिलिप यांना मानणारे याओहनानेनचे लोक टान्नाचेच, पण जॉन फ्रूमवाले नव्हेत. लेखात दोघांची सरमिसळ झाली आहे. पुढच्या अंकात निदान हे आणि १९४१चे साल दुरुस्त व्हावे, ही विनंती.

आपला,
मानवशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे